डेल्टा प्रिंटर: बॉल जॉइंट ठेवू की लवचिक बिजागरी लावू? (मालवण, खारी हवा)

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय तर सांभाळून घ्या.

मालवणात राहतो, घरी डेल्टा थ्रीडी प्रिंटर आहे, कोसेल जातीचा, तीन खांब आणि २५० मिमीचे कार्बन रॉड (खांबांवर वर-खाली होणारे कॅरेज या रॉडांनी नोझल, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणारं तोंड, हलवतात). त्यावर मुख्यतः लॅम्पशेड काढतो, तारकर्ली-देवबाग साइडचे होमस्टेवाले घेतात. उंच आणि एका भिंतीचे, म्हणजे नोझल गोल गोल फिरत वर चढत जातो तो प्रकार. तर प्रॉब्लेम असा की रॉडच्या टोकांचे जॉइंट (रिमोटच्या गाड्यांच्या स्टिअरिंगला असतात तेच, प्लॅस्टिकच्या कपात स्टीलचा गोळा) आता ढिले पडलेत, इफेक्टर (नोझल धरणारा मधला तुकडा) हातात धरून हलवला की बोटाला टक टक लागतं, आणि शेडवर ठराविक जागी उभ्या रेघा येतात. दिवसा दिसत नाहीत पण आत बल्ब लावला की लगेच दिसतात, आणि लॅम्पशेडमधे बल्ब लावणारच ना लोक.

त्यात पावसाळा. गोळ्यांवर लालसर थर येतो, तो कपात सँडपेपरसारखा घासतो, मग आणखी ढिलं. नवीन सेट टाकला तरी पुढच्या पावसापर्यंत परत तेच.

तर आता नेटवर बघतोय की काही लोकांनी गोळा-कप हा भानगडच काढून टाकलाय आणि त्या जागी वाकणारा तुकडा लावलाय, टीपीयूचा (रबरासारखं प्लॅस्टिक), नायलॉनचा, पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन). गोळाच नाही तर गंजणार काय आणि ढिलं होणार काय! कोणी केलंय का? इथल्या हवेत टिकेल का? खरं खरं सांगा.

नुसता वाचक

वाचतोय. इथे पण डेल्टाच आहे, वेंगुर्ल्यात, आणि गंज पण तोच.

गरीवाला

गंज लागतलोच ना झिला, समुद्राक काय तुझो प्रिंटर वेगळो दिसता? होडीचे खिळे खाता तो, तुझे गोळे किती मोठे! मी सांगतंय, ब्रेडची दोरी घाल. गरवूक वापरतंव ती. रॉड पोकळ आसा ना, तेच्यातून दोरी ओवून ताणून बांध, गोळो कपात ओढलेलो रवतलो, टक टक बंद.

कुडाळी लेथ

@गरीवाला, आयडिया वाईट नाही, बाहेर लोकांनी ब्रेडेड लाइन वापरलेली आहे डेल्टावर. पण तंगूस चालणार नाही हं, तो साधा नायलॉनचा एकधागी, ताणला की लांबतो आणि ओला झाला की आणखी लांबतो. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, यूएचएमडब्ल्यूपीई या पॉलिथिनच्या जातीची, ते पाणी पीत नाही. त्याचा दोष वेगळा, कायम ताणात ठेवलं की हळूहळू सरकत जातं, म्हणजे आज आवळलेलं दोन महिन्यांनी सैल. कुठेतरी स्प्रिंग किंवा परत आवळायला स्क्रू ठेवायलाच लागेल.

खाडीपलीकडे, तुम्ही लवचिकच्या मागे लागण्याआधी एक करा. दोन-दोन रॉडच्या जोडीमधे आडवी एक बारीक स्प्रिंग लावा, दोन्ही टोकांजवळ. गोळा कपाच्या एकाच बाजूला दाबून राहतो, झीज असली तरी टकटक लागत नाही. कंपन्यांमधे बिस्किटं-चॉकलेटं उचलणारे डेल्टा रोबो असतात ना त्यांच्या रॉडांमधे पण बघा, अशाच स्प्रिंगा असतात. ते मिनिटाला शंभरावर उचलतात आणि तिथे गोळे-कपच आहेत, लवचिक काही नाही. उगीच नाही.

शेवंती

मी थोडं दुसऱ्या बाजूने बोलते कारण इथे सगळे गोळेवाले जमणार असं दिसतंय :)

लवचिक सांध्याला इतकं हसण्यावारी नेऊ नका. ओपनफ्लेक्शर नावाचा मायक्रोस्कोप आहे, डिझाइन सगळ्यांना फुकट, त्याचं स्टेज (नमुना हलवणारी बैठक) अख्खं एका तुकड्यात प्रिंट होतं, साध्या पीएलएमधे (प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक). त्यात एक पण बेअरिंग नाही, एक पण गोळा नाही, नुसत्या पातळ पट्ट्या वाकतात आणि मायक्रॉनच्या हिशोबात हलतं. त्यांचंच डेल्टा पद्धतीचं पण एक स्टेज आहे. आणि २०१८ मधे हार्वर्डवाल्यांनी मिलीडेल्टा केला, १५ बाय १५ बाय २० मिमीचा अख्खा रोबो, वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, सगळे सांधे लवचिक, कारण त्या साइजला गोळा-कप बनवणार कोण. सेकंदाला ७५ वेळा हलवून दाखवलाय.

मुद्दा हा की लवचिक सांध्यात ढिलेपणा शून्य. कमी नाही, शून्य. घासतच नाही काही तर झिजणार कुठून. तुमच्या रेघा ज्या आहेत त्या ढिलेपणाच्या आहेत, रॉडवरचा जोर ओढण्याकडून ढकलण्याकडे गेला की गोळा कपात या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो, तीच रेघ.

कुडाळी लेथ

ताई, मायक्रोस्कोपचं स्टेज हलतं किती पण? बारा मिमी?

शेवंती

हो, १२ बाय १२ आणि उभं ४. मान्य, प्रिंटर त्याच्या दहापट हलतो. पण "गोळे कंपनीत आहेत म्हणजे गोळेच बरोबर" हे पण काही उत्तर नाही ना.

बिजागरी

जरा मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा. (नाव बघून हसू नका, आयडी आधी घेतलाय, हा धागा नंतर आलाय.)

पहिलं म्हणजे सांधा किती अंशात वाकतो ते काढू, त्याशिवाय ही सगळी चर्चा हवेत. खाडीपलीकडे यांचा रॉड २५०, मधोमध असताना खांबाकडचा सांधा आणि इफेक्टरकडचा सांधा यातलं आडवं अंतर साधारण निम्मं असतं, म्हणजे १२५ धरू. तेव्हा रॉड जमिनीशी ६० अंशात. आता लॅम्पशेडचा व्यास १२ सेमी असेल तर नोझल मध्यापासून ६० मिमी लांब जातो, खांबाकडे जाताना रॉड ७५ अंशापर्यंत उभा होतो आणि लांब जाताना ४२ पर्यंत झोपतो. म्हणजे मधल्या स्थितीपासून एकीकडे १५ आणि एकीकडे १८. बाजूला जो कलतो तो १४ च्या आसपास. बेडच्या पार कडेला, ८५ मिमीवर गेलात तर २१ आणि २७.

आता यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. उभ्या खांबांच्या डेल्टामधे रॉडचा कोन फक्त आडव्या जागेवर ठरतो, उंचीवर नाही. तिन्ही कॅरेज एकत्र वर गेले की इफेक्टर जसाच्या तसा वर जातो, कोन तोच. म्हणजे दोन फूट उंच लॅम्पशेड असो की चपटा कोस्टर असो, सांध्याला काही कळत नाही, त्याला फक्त व्यास कळतो. आणि होमिंग (तिन्ही कॅरेज वर नेऊन शून्य जागा ठरवणं) झाल्यावर मशीन वर मधोमध जाऊन थांबतं, तिथे पण कोन तोच मधला. म्हणून लवचिक सांधा करायचाच असेल तर तो ६० अंशातच सरळ असेल असा बसवायचा, म्हणजे रात्रभर मशीन उभं राहिलं तरी तो वाकलेला राहत नाही. नाहीतर प्लॅस्टिक वाकलेल्या जागी बसतं, सकाळी कॅलिब्रेशन (जुळवलेली मापं) गेलेलं.

तर उंच आणि बारीक वस्तू काढणाऱ्या माणसाला लवचिक सांधा इतरांपेक्षा जास्त मानवणार आहे, हे शेवंतीताईंच्या बाजूने.

आता विरुद्ध बाजू. वाकणारी पट्टी एका बिंदूत वळत नाही, ती कमानीत वाकते आणि तिचं वळणबिंदू कोनाप्रमाणे सरकतं. पट्टी १० मिमी लांब असेल आणि २७ अंश वाकली तर प्रत्येक टोकाला जवळपास ०.१ मिमी सरकतं. ५ मिमी केली तर त्याच्या निम्मं. १८ अंशातच राहिलात तर ५ मिमीच्या पट्टीला ०.०२, जे विसरून जा. मग पट्टी आखूडच करू ना, तर आखूड केली की ताण वाढतो, अर्धा मिमी जाडीची ५ मिमी पट्टी २७ अंश वाकवली तर बाहेरच्या कडेला सव्वादोन-अडीच टक्के ताण जातो. पीएलए त्याला लवकरच तुटणार, पीपी आरामात सहन करतो. शांपूच्या बाटलीचं टोपण आठवा, ते पीपीच.

आणि खरी गोम अजून सांगितलीच नाही. पट्टी एकाच दिशेने वाकते. रॉडला दोन दिशा लागतात. म्हणून लोक दोन पट्ट्या एकामागे एक काटकोनात लावतात, एक वर-खाली वाकते, दुसरी बाजूला. मग दोन वळणं एका जागी राहिली नाहीत, त्यांच्यात समजा ८ मिमी अंतर आलं. फर्मवेअरचं (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) सूत्र धरून चालतं की रॉड दोन्ही टोकांना एकाच बिंदूत सगळीकडे वळतो. मी हिशोब केला, २५० चा रॉड, दोन्ही टोकांना ८ मिमीचं अंतर, इफेक्टर बाजूला ६० मिमी, तर रॉड सूत्रापेक्षा अर्धा मिमी आखूड असल्यासारखा वागतो. अर्धा मिमी! ढिल्या गोळ्यात पण एवढा ढिलेपणा नसेल तुमच्या.

नुसता वाचक

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). कोन उंचीवर अवलंबून नाही हे मला खरंच माहिती नव्हतं.

शेवंती

बिजागरी, हिशोब झकास. पण एक विचारते, तुमचा अर्धा मिमी दर वेळी तोच अर्धा मिमी आहे ना? त्याच जागी गेलं की तेवढाच?

बिजागरी

हो, तोच.

शेवंती

मग झालं तर! ढिलेपणा कुठल्या बाजूने आलात त्यावर ठरतो, त्याला सूत्र नाही, त्याचं काहीच करता येत नाही. तुमचा अर्धा मिमी गणितात बसतो. क्लिपर हे फर्मवेअर वापरत असाल तर डेल्टाचं सूत्र सी भाषेतल्या एका छोट्या फाइलमधे आहे, वर्गमूळाची एकच ओळ. रॉडची लांबी दोन दिशांना वेगळी धरून ती ओळ बदलायची. लवचिक सांधा चुकतो पण रोज एकसारखा चुकतो, आणि एकसारखी चूक दुरुस्त करता येते.

आणि दोन पट्ट्याच कशाला, गोल मान काढा की. मधे बारीक, दोन्हीकडे जाड, सगळीकडे एकाच जागी वाकेल. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी शिकवण्यासाठी छोटा डेल्टा केलाय, टीपीयूमधे प्रिंट केलेला, त्यातले सांधे बघा.

बिजागरी

सूत्राचं बरोबर बोललात, त्याला माझी ना नाही. पण ती ओळ बदलली की क्लिपरचं जे तयार डेल्टा कॅलिब्रेशन आहे ते पण जुनंच सूत्र धरून डेल्टाची त्रिज्या आणि खांबांचे कोन शोधतं, मग तिथे पण हात घालावा लागतो. मार्लिन या दुसऱ्या फर्मवेअरची जी३३ ही कॅलिब्रेशनची आज्ञा पण तेच करते. जमणार नाही असं नाही, पण खाडीपलीकडे यांना लॅम्पशेड विकायचेत, पीएचडी नाही करायची (हलकेच घ्या).

गोल मानेचं म्हणाल तर ती पीळ पण खाते आणि आडवी पण हलते. टीपीयूत केली तर फारच मऊ. छोट्या शिकवायच्या रोबोला ठीक, त्याला प्लॅस्टिक ओतणारा गरम नोझल घेऊन जोरात दिशा बदलायची नाहीये. प्रिंटरला कोपऱ्यात लाटा दिसतील.

खाडीपलीकडे

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. माझे शेड १० ते १४ सेमी व्यासाचे असतात, क्वचित १६. गोल असतात त्यामुळे कोपऱ्याच्या लाटांचं एवढं नाही. क्लिपर आहे पण सी फाइल मी उघडणार नाही, स्पष्ट सांगतो.

मटेरियलचं सांगा ना कोणीतरी. माझ्याकडे नायलॉनचा एक रोल पडून आहे, तो वापरू का?

कुडाळी लेथ

नायलॉन या किनाऱ्यावर नको. नायलॉन ६ साध्या मध्यम दमट हवेतच वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी ओढतो, पाण्यात ठेवला तर नऊ टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडे जुलैमधे हवा आणि पाणी यात फरक किती राहतो ते तुम्हीच सांगा. फुगतो, मऊ होतो, ऑक्टोबरात परत आकसतो. तुटणार नाही, उलट ओला नायलॉन जास्त चिवट असतो, पण लांबी बदलली की डेल्टाचं गणित गेलं. मेमधे केलेलं कॅलिब्रेशन गणपतीत चालणार नाही.

मोरी मसाला

आणि टीपीयूमधे पण दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. पॉलिएस्टरवाला दमट आणि गरम हवेत आतून सडत जातो, चिकट होतो आणि मग तुकडे पडतात. जुन्या बुटांचे सोल कसे एक दिवस अचानक गळून पडतात, ते बऱ्याचदा हेच. पॉलिइथरवाला टिकतो. रोलवर सहसा लिहिलेलं नसतं, दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो "लवचिक आहे साहेब".

बिजागरी

पीपी बरोबर. पाणी जवळजवळ पीतच नाही, खाऱ्या हवेचं त्याला काही नाही, हजारो वेळा वाकतो. प्रिंट करणार असाल तर दोन गोष्टी. एक, पीपी बेडला चिकटत नाही, त्यासाठी बेडवर खोक्याला लावतो ती ब्राउन टेप लावा, ती टेप स्वतः पीपीचीच असते म्हणून त्यावर पीपी धरतो. दोन, पट्टी आडवी झोपवून प्रिंट करा आणि धागे वाकायच्या रेषेला आडवे गेले पाहिजेत, या टोकाकडून त्या टोकाकडे. उभी प्रिंट केलीत तर थरांच्या मधे फाटणार. प्रिंट झाल्यावर गरम आहे तोवर दोन-चार वेळा पूर्ण वाकवून घ्या, आतले रेणू वाकायच्या दिशेला लागतात आणि बिजागरी चिवट होते, कारखान्यात पण तेच करतात.

प्रिंट नको असेल तर स्टेशनरीच्या दुकानात ती प्लॅस्टिकची फाइल मिळते ना, अर्धपारदर्शक, ती बहुतेक पीपीचीच. कात्रीने पट्ट्या कापा, क्लॅम्पमधे दाबा. प्रयोगाला दहा-वीस रुपयांत काम.

स्टीलची पट्टी पण लोक विचारतात म्हणून आधीच सांगतो. गॅरेजवाल्याकडच्या फिलर गेजचं ०.१ मिमीचं पान घेतलं, १० मिमी मोकळी लांबी, ३० अंश वाकवलं तर ५०० मेगापास्कलच्या वर ताण जातो. एकदा वाकायला ठीक आहे, पण दर थराला वाकत राहिलं तर काठावरचं काम. वर गंजाचा एक ठिपका पडला की तिथूनच तडा. मालवणात नाही चालायचं.

गरीवाला

माका येक कळना नाय. येवढा सगळा करून शेवटी लॅम्पशेडच काढुचो ना? आमच्या घराक कंदील आसा, तेका कॅलिब्रेशन लागणा नाय.

नुसता वाचक

😂😂 +१

मोरी मसाला

अवांतर: कंदिलाची काच किती झालीय बघा आधी. प्रिंटर परवडेल.

कुडाळी लेथ

बरं आता माझं म्हणणं जरा सविस्तर मांडतो, कारण सगळे लवचिककडे वाहत चाललेत.

गोळ्याच्या सांध्यावर दोन आरोप आहेत, ढिलेपणा आणि गंज. दोन्ही गोळ्याचे दोष नाहीत, तो गोळा कसा धरलाय त्याचे दोष आहेत.

बाजारातला रॉड एंड म्हणजे गोळा चारी बाजूंनी कपात कोंबलेला. तो फिरावा म्हणून बनवतानाच थोडी जागा ठेवलेली असते, ती जागा म्हणजेच ढिलेपणा, नवा असला तरी थोडा असतोच, झिजला की वाढतो. एका जोडीत दोन रॉडमधलं अंतर ५० मिमी धरा, त्यात ०.१ चा खेळ असला आणि नोझल इफेक्टरच्या ४० मिमी खाली असला तर नोझलला ०.०८ चा हेलकावा मिळतो, आणि असे तीन जोड. लॅम्पशेडवर बल्ब लावल्यावर तेवढं दिसणारच.

उघडा कप घ्या, अर्ध्या वाटीसारखा, आणि गोळा त्यात स्प्रिंगने दाबून ठेवा. कप झिजला तर गोळा आणखी आत बसतो, ढिला होत नाही. जोर किती लागतो तेही काही फार नाही. दीडशे ग्रॅमचा इफेक्टर ३००० मिमी/सेकंद² च्या ॲक्सलरेशनने पळवला तरी त्याला अर्धा न्यूटनसुद्धा लागत नाही, वजनाचा दीड न्यूटन धरा, रॉड खूप झोपला की हे दोन-तीनपट होतं. पाच-सहा न्यूटनची स्प्रिंग भरपूर झाली.

चुंबकवाले पण सांगतील की आम्ही चुंबकाने धरतो. चुंबकाने धरलं की नोझल कुठे अडकला तर रॉड सुटून पडतो, काही मोडत नाही, हा फायदा खरा. पण साधा निओडिमियम ८० अंशाच्या वर तापला की कायमचा कमजोर होतो आणि तो हॉटएंडच्या (प्लॅस्टिक वितळवणाऱ्या भागाच्या) शेजारीच बसलेला असतो. वरचं निकेल एकदा सोललं की खारी हवा आत शिरते, मग चुंबकाची पावडर होते, पाहिलंय मी.

आणि गंजाचं. लोक म्हणतात गोळे स्टेनलेसचे घेऊ. घेतात ३०४ चे आणि मग चुंबकाला चिकटतच नाहीत, कारण ३०४ ला चुंबक धरत नाही. धरायला ४२० किंवा ४४० सी लागतो आणि तो समुद्राजवळ शेवटी डाग धरतोच. पण स्प्रिंगने धरणार असाल तर चुंबक हवाच कशाला? मग सरळ ३१६ घ्या, बोटींचं सामान ज्याचं असतं तेच. स्प्रिंग पण स्टेनलेसची. कप डेलरिनचा (कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक), तो पाणी फार कमी पितो, आणि सुक्यानेच फिरतो, ग्रीस नको. ग्रीस लावलं की वाळू चिकटते, आणि मालवणात वाळू कुठून येते हे विचारायला नको.

३१६ चा गोळा मऊ असतो त्यामुळे भोक पाडून एम३ चा (३ मिमी स्क्रूचा) आटा मारता येतो. ४४० सी चा कडक गोळा ड्रिलच्या बापाला ऐकत नाही. फक्त ३१६ ला वेग कमी ठेवा आणि ड्रिल धारदार पाहिजे, घासत बसलात तर तिथेच कडक होतो आणि मग ड्रिल जातं.

शेवंती

हे मान्य करायलाच पाहिजे, चुंबक काढला की ३१६ चालतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी एक सांगते, बारा सांधे, म्हणजे बारा गोळे, बारा कप, सहा स्प्रिंगा, आणि सगळे रॉड एकाच लांबीचे. एक जरी रॉड आपल्या जोडीदारापेक्षा लांब झाला तर इफेक्टर तिरका होतो. लवचिक पद्धतीत रॉड आणि दोन्ही टोकं एकाच साच्यातून निघतात.

कुडाळी लेथ

त्याला जिग करायचा. फळीवर दोन खिळे, सगळे रॉड त्याच दोन खिळ्यांवर बसवून इपॉक्सीने चिकटवायचे. खिळ्यांमधलं अंतर नेमकं २५० नसलं तरी चालेल, सगळे सारखे हवेत. नेमका आकडा नंतर फर्मवेअरमधे टाकता येतो.

बिजागरी

हा लेथवाल्यांचा प्रतिसाद पिन करून ठेवायला पाहिजे.

थोडा इतिहास, कारण दोन्हीकडचे लोक आपापला मार्ग "मूळचा" म्हणून सांगतात. डेल्टा रोबो रेमंड क्लॅव्हेल यांचा, स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठात, १९८० च्या दशकात, हलक्या वस्तू भराभर उचलायला. प्रिंटरमधे तो २०१२ साली योहान रोखॉल यांच्या रोस्टॉकने लोकप्रिय केला, त्यात सांधे प्रिंट केलेले होते, स्क्रूभोवती वळणारे. त्यांच्याच पुढच्या कोसेलमधे रिमोटच्या गाड्यांचे रॉड एंड आले, ते बरे म्हणून नव्हे एवढेच, तर ते कुठेही तयार मिळत होते म्हणून लोकांनी उचलले. म्हणजे खाडीपलीकडे यांच्या मशीनवर जे आहे ते स्वस्त आणि हाताशी होतं ते.

खाडीपलीकडे

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. ठरवलंय ते असं: मोठ्या मशीनला ३१६ चे गोळे आणि स्प्रिंगा. कुडाळी लेथ, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, कपाचं बघा. आणि जुन्या प्रिंटरचे खांब पडलेत त्यातून एक छोटा डेल्टा करणार, १०० चे रॉड, त्याला फाइलच्या पट्ट्यांची लवचिक बिजागरी. त्यावर फक्त कानातले आणि की-चेन, म्हणजे हलणं कमी.

बिजागरी

चांगलं. पण थांबा, रॉड १०० चा केलात तर हलणं मिमीत कमी झालं, कोन कमी झाला असं नाही. १०० च्या रॉडवर २४ मिमी म्हणजे तुमच्या २५० वर ६० च आहे. की-चेन ५ सेमीची असेल तर तुम्ही परत १८ अंशांवर. रॉड लांब ठेवा, १८० तरी, आणि मधलं आडवं अंतर त्याच्या निम्मं. मग पट्टीला काम सोपं जाईल.

खाडीपलीकडे

अरे हो की. १८० चे मिळतील, कार्बनची नळी आहे शिल्लक.

शेवंती

आणि पट्टीचं तपासायचं कसं ते सांगते. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळासारखं यंत्र) लावा, मधोमध शून्य करा, मग इफेक्टर उजवीकडून मधे आणा, वाचा, डावीकडून मधे आणा, वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ढिलेपणा. हे गोळ्याच्या मशीनवर पण करा आणि लवचिकच्या मशीनवर पण करा, आकडे इथे टाका. दुसरी टेस्ट फक्त लवचिकला: इफेक्टर कडेला नेऊन रात्रभर तसाच ठेवा, सकाळी मधे आणून बघा किती हललाय.

मोरी मसाला

वीज गेली तर इफेक्टर कडेलाच राहणार आहे, वेगळी टेस्ट कशाला. जूनमधे आपोआप होईल.

कुडाळी लेथ

व्यनि बघितला. १० मिमीचे गोळे घ्या, ८ चे नको, आटा मारल्यावर भिंत उरत नाही. कप मी डेलरिनच्या सळईतून काढून देतो, बारा नाही, चौदा काढू, दोन जादा असू देत. स्प्रिंग तुम्ही बघा, तारेची जाडी अर्धा मिमी, बाहेरून ५ मिमी. गणपतीच्या आधी हवे असतील तर या आठवड्यात सांगा, नंतर लेथवर मखराचीच कामं असतात.

खाडीपलीकडे

सांगितलं! चौदा करा. स्प्रिंगला रबरबँड चालेल का तोवर?

कुडाळी लेथ

तोवर चालेल. केसांचे घ्या, कापड गुंडाळलेले, उघडा रबर इथे महिन्यात तडकतो.